मुरूम जातील, खड्डे राहतील: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या पंधरवड्यात एकच संदेश मला तीन व्हॉट्सॲप गटांवर आला: आधी आमच्या सोसायटीच्या, मग शाळेतील पालकांच्या आणि शेवटी मावशीने चालविलेल्या नातलगांच्या गटावर. ‘वयात येणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनी अवश्य वाचावे’ असे त्याचे शीर्षक आहे. मजकूर थोडक्यात असा: मुरूम म्हणजे अंगातली उष्णता आणि रक्तातली घाण बाहेर पडणे, म्हणून ती अडवू नये, वय सरले की ते आपोआप जातात, पिकलेला मुरूम दाबून पू काढला की डाग राहत नाही, रात्री लिंबाचा रस व खायचा सोडा, नाहीतर टूथपेस्ट लावावी, तळलेले आणि तिखट बंद करावे, मुलांचे या बाबतीत फार लाड करू नयेत, आणि डॉक्टरांच्या मलमांनी त्वचा जळते, ती सोडली की मुरूम दुपटीने येतात, त्यापेक्षा ‘मेडिकलमध्ये मिळणारी गोरेपणाची ट्यूब’ बरी. मी नागपुरातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवितो, त्वचारोगतज्ज्ञ नाही. पण माझी मुलगी आठवीत आहे, गेले वर्षभर घरात या विषयावाचून दुसरे बोलणे नाही, आणि माझ्या स्वतःच्या दोन्ही गालांवर ‘आपोआप जातात’ या सल्ल्याचे खड्डे पस्तीस वर्षांपासून आहेत. तेव्हा या संदेशाला उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे मी समजतो.

उष्णता आणि घाण यांपासून सुरुवात करू, कारण बाकीचे सारे त्याच पायावर उभे आहे. वयात येताना मुलांच्या आणि मुलींच्याही शरीरात अँड्रोजन गटातील संप्रेरके वाढतात. त्यांच्यामुळे केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथी मोठ्या होतात व जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी त्या छिद्राच्या आतील अस्तराच्या मृत पेशी नीट झडून न जाता एकमेकींना चिकटतात आणि छिद्राच्या तोंडाशी बूच बसते. आत साठलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा, एरवी सर्वांच्याच त्वचेवर राहणारा जिवाणू वाढतो, शरीर त्याला प्रतिकार करते, आणि तो भाग लाल होऊन सुजतो व दुखतो. ही सगळी घडामोड त्या एका छिद्रात चालते. रक्तातून काही गाळून बाहेर टाकले जाते आहे असे यात कुठेही नाही, त्यामुळे ‘अडवू नये’ या सल्ल्यालाही आधार उरत नाही. नाकावरच्या काळ्या ठिपक्यांनासुद्धा लोक मळ समजतात. तो काळेपणा त्वचेतील मेलॅनिनचा आणि हवेशी संपर्क आलेल्या बुचाचा असतो, म्हणूनच तो घासून निघत नाही.

संदेशाने ‘आपल्या आयुर्वेदात सांगितलेच आहे’ असे एक वाक्यही घातले आहे. आयुर्वेदात नेमके काय सांगितले आहे ते पाहिले असते तर बरे झाले असते. सुश्रुतसंहितेत तरुणांच्या चेहऱ्यावर येणाऱ्या या पुळ्यांना मुखदूषिका म्हटले आहे आणि त्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. विदर्भात ज्याने सावरीचे खोड जवळून पाहिले आहे, त्याला ती उपमा किती चपखल आहे हे सांगायला नको: खाली रुंद, वर टोकदार आणि खोडभर विखुरलेले काटे. पण त्या श्लोकात कारणे म्हणून कफ, वात आणि रक्त यांची नावे आहेत. ज्या पित्ताशी आपण ‘उष्णता’ हा शब्द जोडतो, त्याचा तेथे उल्लेखच नाही. म्हणजे प्राचीन ग्रंथाचा हवाला देतानाही तो ग्रंथ उघडण्याचे कष्ट कुणी घेतलेले नाहीत.

‘वय सरले की आपोआप जातात.’ सबंध संदेशातील हे सर्वांत निरुपद्रवी दिसणारे वाक्य आहे आणि माझ्या मते सर्वांत घातकही तेच आहे, कारण ते अर्धे खरे आहे. बहुतेकांचे मुरूम विशीच्या आसपास खरोखरच ओसरतात, काहींचे पुढेही राहतात. पण त्या पाच-सात वर्षांत त्वचेच्या आत काय होऊन बसते, ते वय सरल्याने उलटत नाही. सुजलेल्या छिद्राची भिंत आतल्या आत फुटली की दाह खालच्या थरात पसरतो, तिथले कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारे प्रथिन, नष्ट होते, आणि भरून येताना ते पुरेसे भरले नाही तर वर खड्डा दिसतो. कुणाला सुई टोचल्यासारखा अरुंद आणि खोल, कुणाला कडा उभ्या असलेला चौकोनी, तर कुणाची त्वचा लाटांसारखी उंचसखल होते. काहींच्या बाबतीत उलट घडते. विशेषतः छाती, खांदे आणि जबड्याच्या कडेला त्वचा जादा भरून जाड गाठ उभी राहते. खड्डे पडण्याची शक्यता दाह किती तीव्र होता आणि योग्य उपचार मिळेपर्यंत किती काळ गेला, या दोन्हींवर अवलंबून असते. आणि मुरूम फार मोठे नसले तरी खड्डे पडू शकतात. आई-वडिलांपैकी कुणाला असे खड्डे असतील, तर त्या घराने वाट पाहण्याचे कारणच नाही. नंतर लेसर, सुयांचे रोलर, आम्लाचे उपचार असे पुष्कळ काही करता येते. पण ते खर्चीक असते, अनेक बैठका लागतात आणि त्वचा पहिल्यासारखी सपाट होतेच असे नाही.

येथे एक भेद सांगितला पाहिजे, कारण त्यावाचून पालक उगाच घाबरतात. मुरूम बसल्यावर आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर जो तपकिरी डाग राहतो, तो खड्डा नव्हे. बोट फिरवून पाहिले तर जागा सपाट लागते. तो रंगाचा डाग असतो आणि काही महिन्यांत फिका होत जातो. ऊन मात्र त्याला लांबवते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या गावात, सायकलने शिकवणीला जाणाऱ्या मुलीला किमान ३० एसपीएफचे, तेलकट नसलेले सनस्क्रीन लावायला सांगणे हे नटवेपण नाही.

पिकलेला मुरूम दाबण्याविषयी मी अनुभवाने बोलतो. दहावीत असताना कंपासपेटीतल्या कर्कटकाचे टोक मेणबत्तीवर धरून मी स्वतःच्या गालावर शस्त्रक्रिया करीत असे, आणि घरात त्याला कुणाचा आक्षेप नव्हता. पू निघतो हे खरे. पण दाबताना काही वर येते तसे काही खालीही ढकलले जाते, आधीच कमकुवत झालेली भिंत फुटते, आणि दोन दिवसांत बसली असती ती पुळी दोन आठवड्यांचा घट्ट गोळा होते. माझ्या डाव्या गालावर तीन खोल खड्डे ओळीने आहेत. ते नेमके कर्कटकाचे आहेत हे मला आजही दाखवता येते. मुलांचा हात सारखा चेहऱ्याकडे जात असेल, तर मोठ्या पुळीवर हायड्रोकोलॉइडची (ओल शोषून जेलीसारख्या होणाऱ्या पदार्थाची) छोटी चिकटपट्टी लावून ठेवणे हा साधा उपाय आहे. त्याने मुरूम बरा होतो असा माझा दावा नाही, पण नख तिथे पोहोचत नाही.

लिंबू आणि सोडा यांवर फार वेळ घालवू नये. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण ५ च्या आसपास. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या जवळ असतो आणि सोडा पलीकडच्या टोकाला, ८ च्या वर. एकाने भाजायचे आणि दुसऱ्याने कोरडे करायचे, असा हा प्रकार आहे. लिंबू लावून उन्हात गेल्यास त्वचेवर फोड व काळे चट्टे उठू शकतात, हेही जाता जाता सांगतो. टूथपेस्ट दातांसाठी असते. संदेशात नसलेला, पण आमच्या नागपुरात घरोघरी चालणारा एक उपाय म्हणजे संत्र्याच्या वाळवलेल्या सालीची भुकटी. हिवाळ्यात संत्री भरपूर, साली गच्चीवर वाळतात, आजीचा आग्रह असतो. माझ्या मुलीने ती खरबरीत भुकटी आठवडाभर चेहऱ्यावर घासली आणि कपाळ सोलवटून घेतले. संत्र्याचा दोष नाही. सुजलेल्या त्वचेवर कोणतेही खरखरीत घासणे वाईटच. सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा आणि खूप घाम आल्यावर एकदा तोंड धुतले की पुरे. खोबरेल तेल डोक्याला लावायला हरकत नाही, मात्र ते कपाळावर ओघळू देऊ नये.

खाण्याच्या बाबतीत संदेश पूर्ण चुकला असे मी म्हणणार नाही, पण त्याने आरोपी चुकीचा पकडला आहे. तर्री, सावजी रस्सा, भजी यांच्यामुळे मुरूम येतात असा भक्कम पुरावा नाही. खाल्लेले तेल सरळ गालावर येऊन बसत नाही. पुरावा आहे तो रक्तातली साखर झपाट्याने वाढविणाऱ्या अन्नाविरुद्ध. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ तरुणांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात १२ आठवडे अशा अन्नाचा भार कमी ठेवणाऱ्या गटाचे मुरूम दुसऱ्या गटापेक्षा अधिक कमी झाले. प्रयोग लहान आहे, त्यावरून वेद लिहू नयेत. तरीही तर्री बंद करून शाळेबाहेरचे कोल्ड्रिंक आणि क्रीमची बिस्किटे चालू ठेवणारे घर नेमके उलटे करते आहे. दुधाचा मुरुमांशी काही अभ्यासांत संबंध दिसला आहे, पण तो एवढा पक्का नाही की वाढत्या मुलाचे दूध तोडावे. व्यायामशाळेत जाणारा मोठा मुलगा व्हे प्रोटीनची, म्हणजे दुधातल्या प्रथिनाची, पावडर घेत असेल, तर मात्र डॉक्टरांना ते सांगावे.

‘फार लाड करू नयेत’ याला माझे उत्तर एवढेच की आधी मुलाकडे पाहावे. नागपुरात उन्हासाठी तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरणाऱ्या मुली सर्वत्र दिसतात. माझी मुलगी तो जानेवारीतही काढेनाशी झाली, मामेभावाच्या लग्नाचे फोटो चालू असताना पाण्याच्या पिंपाशी जाऊन उभी राहिली, तेव्हा कुठे आम्हाला उमगले. मुरूम किती आहेत आणि मूल किती खचले आहे, यांचे प्रमाण जुळेलच असे नाही. चार मुरूम असलेले मूलही खोलीचे दार लावून बसू शकते. नातलगांनी भेटल्याबरोबर ‘अगं, चेहऱ्याला काय झालं?’ असे विचारणे थांबवले, तर निम्मा उपचार फुकटात होईल. मूल शाळा टाळू लागले, झोप-भूक उडाली, जगण्याविषयी निराश बोलू लागले, तर त्याला लाड म्हणून झटकू नये आणि डॉक्टरांपाशी त्याविषयी स्पष्ट बोलावे.

राहिला मलमांचा मुद्दा. सौम्य ते मध्यम मुरुमांवर पहिली निवड साधारणपणे बेंझॉइल पेरॉक्साइड आणि ॲडापलीनसारखे रेटिनॉइड (‘अ’ जीवनसत्त्वाशी नाते असलेले, छिद्रात बूच बसू न देणारे औषध) यांची असते. ‘त्वचा जळते’ या तक्रारीमागे तथ्य इतकेच की पहिल्या काही आठवड्यांत कोरडेपणा, लाली, क्वचित मुरूम वाढल्यासारखे होणे घडते. यावरचा तोडगा म्हणजे कमी लावणे: सबंध चेहऱ्याला वाटाण्याएवढे ॲडापलीन, तेही आरंभी एकाआड एक रात्री, कोरड्या त्वचेवर आणि जोडीला साधे मॉइश्चरायझर. एकेका पुळीवर ठिपका देऊन उपयोग नाही, कारण उद्याचा मुरूम आज न दिसणाऱ्या बुचात असतो. बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचे घेतले तरी जास्त तीव्रतेच्या मलमाएवढेच काम होते आणि आग कमी होते. मात्र ते कापडाचा रंग उडवते. आमच्या घरातील निळ्या अभ्र्यांवर आता पांढरे ढग आहेत, म्हणून मुलीला एक जुनी पांढरी उशी वेगळी दिली आहे. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत ट्यूब फेकून देणारे पालकच पुढे ‘काही उपयोग झाला नाही’ असे सांगत फिरतात. ‘सोडले की परत येतात’ हेही मलमाचे पाप नव्हे. मूळ प्रवृत्ती वयाबरोबर चालूच असते, म्हणून बरे वाटल्यावरही काही काळ लावत राहावे लागते. प्रतिजैविकाचे मलम किंवा गोळ्या एकट्याने आणि महिनोन्‌महिने घेऊ नयेत. खोल, दुखणाऱ्या गाठी असतील तर डॉक्टर आयसोट्रेटिनॉइन हे पोटात घ्यायचे रेटिनॉइड देऊ शकतात. त्यासाठी रक्ततपासणी लागते आणि गरोदरपणी ते गर्भाला गंभीर इजा करते, त्यामुळे ते शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर घेण्याचे औषध नाही.

आणि ती ‘गोरेपणाची ट्यूब’. अशा अनेक ट्यूबांत तीव्र स्टिरॉइड, म्हणजे दाह दाबून टाकणारे औषध, असते. पहिल्या आठवड्यात लाली जाते, चेहरा उजळ दिसतो, घरातले खूश होतात. मग त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, आणि स्टिरॉइडमुळेच नवे मुरूम उठतात. मलम थांबवताच चेहरा पेटतो, म्हणून मुले ते पुन्हा लावतात. ‘सोडले की दुपटीने येतात’ हे वर्णन खरे तर याच ट्यूबला लागू पडते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीवाचून विकता येणार नाहीत असा बदल केला, तरी मागितल्यावर ती हातात पडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. बाकी नागपूरकराला ‘मेडिकल’ म्हटले की दुकान आठवत नाही, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आठवते. त्या अर्थाने संदेश बरोबर आहे: मेडिकलमध्येच जावे, तिथल्या किंवा मेयोच्या (शहरातल्या दुसऱ्या शासकीय रुग्णालयाच्या) त्वचारोग विभागात.

हे सारे मी मावशीच्या गटावर लिहिले तेव्हा तासाभराने तिचा फोन आला. तिचा नातू दोन महिन्यांपासून तीच ट्यूब लावतो आहे. ‘आजच फेकून देऊ का रे?’ असे तिने विचारले. फेकू नकोस, म्हटले, आणि एकदम बंदही करू नकोस; किती दिवस, दिवसातून किती वेळा लावली ते कागदावर लिहून ठेव. ती हळूहळू कशी सोडवायची ते डॉक्टर ठरवतील. सोमवारी सकाळी आम्ही तिघे बाह्यरुग्ण विभागात जाणार आहोत, आणि ट्यूबचे खोके मावशीने आताच पिशवीत टाकले आहे.