'गॅबा वाढवा, गोळ्या सोडा' : एक धोकादायक सल्ला

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या या मजकुराचे शब्द बदलतात, सांगणं तेच असतं. गॅबा हे मेंदूतलं एक रसायन, मेंदूचा नैसर्गिक ब्रेक. चिंता, निद्रानाश, नैराश्य, फिट ही सगळी त्याच्या कमतरतेची रूपं. टोमॅटो, ताक, मोड आलेला तांदूळ किंवा गॅबाच्या कॅप्सूल घेतल्या की ती भरून निघते. योगाने तो २७ टक्के वाढतो. मग डॉक्टरांच्या गोळ्या हव्यात कशाला? यातलं थोडंफार खरं आहे, आणि त्याच्या आडून बाकीचं खपून जातं.

'गॅबा म्हणजे ब्रेक. जितका जास्त, तितकं मन शांत'

पहिला अर्धा भाग ढोबळमानाने बरोबर. ग्लुटामेट मेंदूच्या पेशींना चेतवतं आणि त्याच ग्लुटामेटपासून बनलेला गॅबा त्यांना आवरतो. १९५० साली युजीन रॉबर्ट्स आणि सॅम फ्रँकेल यांनी तो सस्तन प्राण्यांच्या मेंदूत दाखवून दिला. तो तिथे नेमकं काय करतो हे कळायला आणखी बरीच वर्षं गेली, आणि त्याचा मोठा पुरावा आला तो शेवंड आणि तिच्या जातभाईंच्या चेतापेशींवरून. गॅबा पेशीवरच्या रिसेप्टरवर (त्याला ओळखणाऱ्या ग्राहक-रेणूवर) बसला की क्लोराइडचे मार्ग उघडतात, ऋणभारित क्लोराइड पेशीत शिरतो आणि पेशी सहजासहजी उद्दीपित होत नाही.

हे झालं प्रौढ मेंदूत. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लांत मात्र पेशीच्या आतच क्लोराइड जास्त असतो. मार्ग उघडला की तो बाहेर पडतो आणि तोच गॅबा पेशीला चेतवतो. येहेझ्केल बेन-आरी आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हे मांडलं. नवजात बाळांच्या झटक्यांवर फेनोबार्बिटोन हे गॅबाचा परिणाम वाढवणारं औषध बऱ्याचदा अपुरं पडतं, त्यामागचं एक कारण हे असावं असं मानतात. म्हणजे परिणाम ठरतो तो पेशीच्या वयावर, रिसेप्टरच्या प्रकारावर आणि मेंदूतल्या जागेवरही. प्रमाण ही त्यातली फक्त एक बाब.

आणि प्रमाण खरोखर वाढलं तर? एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात गॅबाच्या विघटनातलं शेवटचं एन्झाइम काम करत नाही, त्यामुळे मेंदूत गॅबा साठत जातो. मजकुराच्या हिशेबाने ही मुलं जगातली सर्वांत शांत मुलं असायला हवीत. प्रत्यक्षात त्यांची वाढ मंदावते, बोलणं उशिरा येतं, चालताना तोल जातो आणि अनेकांना फिट येतात. व्हिगाबॅट्रिन हे औषध गॅबाचं विघटन रोखतं. तान्ह्या मुलांच्या एका गंभीर प्रकारच्या झटक्यांवर ते फार उपयोगी आहे, पण त्याने दृष्टीचं क्षेत्र कायमचं आक्रसू शकतं, म्हणून डोळे तपासत राहावे लागतात. शिवाय मूल काही सेकंद शून्यात पाहत राहतं, त्या प्रकारच्या फिट या औषधाने वाढूही शकतात.

'चिंतेपासून फिटपर्यंत सगळ्याचं मूळ गॅबाची कमतरता'

गॅबा खरोखर कमी पडतो तेव्हा काय दिसतं, हे वैद्यकाला चांगलं ठाऊक आहे. ग्लुटामेटचा गॅबा करणाऱ्या एन्झाइमला ब-६ जीवनसत्त्व लागतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बाळांच्या एका तयार दुधात, तापवण्याच्या प्रक्रियेत ब-६ नष्ट झालं आणि ते पिणाऱ्या बाळांना आकडी येऊ लागली. ब-६ दिल्यावर ती थांबली.

आपल्याकडचं उदाहरण क्षयाचं. आयसोनायझिड ही टीबीवरची रोजची गोळी ब-६ च्या कामात अडथळा आणते. नेहमीच्या मात्रेत हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून सोबत ब-६ दिलं जातं. पण कुणी एकदम मूठभर गोळ्या गिळल्या तर मेंदूतला गॅबा इतका घटतो की फिट थांबता थांबत नाहीत. अशा वेळी डायझेपाम एकटं बऱ्याचदा हात टेकतं, कारण ते असलेल्या गॅबाचा परिणाम वाढवतं. गॅबाच नसेल तर वाढवणार काय? खरा उतारा असतो शिरेतून दिलेलं भरपूर ब-६.

धनुर्वातात गॅबा तयार होतो, पण जिवाणूचं विष तो आणि त्याच्यासारखाच काम करणारा ग्लायसिन पेशीबाहेर पडू देत नाही. जबडा मिटतो, पाठ कमानीसारखी वाकते. स्टिफ पर्सन सिंड्रोममध्ये बहुतेक रुग्णांच्या रक्तात गॅबा बनवणाऱ्या त्या एन्झाइमविरुद्धच्या अँटिबॉडी सापडतात आणि स्नायू लाकडासारखे ताठरतात.

या सगळ्यांत आकडी, पेटके आणि ताठरपणा दिसतो. परीक्षेच्या आदल्या रात्री उडालेली झोप या यादीत बसत नाही. चिंता आणि नैराश्याच्या काही रुग्णांत मेंदूच्या काही भागांत गॅबा थोडा कमी आढळला आहे, हे खरं. पण ते आजाराचं कारण की परिणाम, हे त्यावरून ठरत नाही. आणि रक्तातल्या गॅबावरून मेंदूतल्या चेतापेशींच्या सांध्यांत काय चाललं आहे ते कळत नाही, त्यामुळे 'गॅबा लेव्हल' तपासून घ्यायला सांगणाऱ्याला पैसे देण्यात अर्थ नाही.

'टोमॅटो, ताक, कॅप्सूल'

टोमॅटोत गॅबा असतो, मोड आलेल्या हातसडीच्या तांदळात असतो, आंबवलेल्या पदार्थांत असतो. जपानमध्ये २०२१ पासून जनुक-संपादनाने गॅबा वाढवलेला टोमॅटोही विकला जातो. प्रश्न पोटानंतरचा आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा गॅबाला फारच थोडा आत सोडतो. मेंदू आपला गॅबा स्वतः, जागच्या जागी बनवतो. तोंडावाटे घेतलेल्या गॅबावरच्या मानवी प्रयोगांचा २०२० साली आढावा घेतला गेला, तेव्हा ताणाबाबत मर्यादित आणि झोपेबाबत अतिशय मर्यादित पुरावा आढळला.

आतड्यातल्या जिवाणूंची गोष्ट जास्त रंजक आहे. २०११ मध्ये उंदरांना एक लॅक्टोबॅसिलस खाऊ घातला, तर त्यांच्या मेंदूतल्या गॅबा-रिसेप्टरांत फरक पडला आणि ते कमी घाबरू लागले. पोट आणि मेंदू यांना जोडणारी व्हेगस नर्व्ह कापल्यावर हा परिणाम नाहीसा झाला. सुंदर प्रयोग! पण तोच जिवाणू निरोगी पुरुषांना दिला तेव्हा ताण, मनःस्थिती, स्मरण, कशातच फरक दिसला नाही. हा निकाल २०१७ चा. फॉरवर्डमध्ये उंदीर असतात, ही माणसं कधीच नसतात. ताक प्या, चांगलंच असतं. औषध म्हणून पिऊ नका.

'योगाने गॅबा २७ टक्के वाढतो'

हा आकडा मनगढंत नाही. बोस्टनच्या संशोधकांनी २००७ मध्ये तासाभराच्या आसनांनंतर एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने (एमआरआय यंत्राने मेंदूतली रसायनं मोजण्याच्या पद्धतीने) मोजलेला तो आहे. पण त्यात योग करणारे होते आठ, तेही आधीपासून सराव असलेले. तुलनेला अकरा जण वाचत बसले होते. त्याच गटाने २०१० मध्ये चालणाऱ्यांशी तुलना केली, पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या पद्धतीची आसनं घेऊन, बारा आठवडे. मनःस्थिती आणि चिंता योग करणाऱ्यांत जास्त सुधारली. प्रयोग लहान आहेत, पण प्रामाणिक आहेत, आणि योग करायला माझी काहीच हरकत नाही. 'म्हणून फिटची गोळी थांबवा' हे मात्र त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

'मग गोळ्या सोडा'

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही गॅबाचा परिणाम वाढवणारी औषधं रोज दीर्घकाळ घेतली की मेंदू जुळवून घेतो. रिसेप्टर पूर्वीइतके दाद देत नाहीत आणि चेतवणारी बाजू जोर धरते. गोळी एकदम बंद केली की ती बाजू मोकाट सुटते. दारूचंही असंच, रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवली की एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. तेलंगणात ताडीत अल्प्राझोलामची भेसळ होत आली आहे, आणि ती ताडी मिळेनाशी झाली की पिणाऱ्यांना भ्रम आणि फिट होऊन रुग्णालयात न्यावं लागलं आहे. या गोळ्या वर्षानुवर्षं चालू ठेवाव्यात असं नव्हे. अनेकांना त्या गरजेपेक्षा जास्त काळ दिल्या जातात, ही तक्रार रास्तच आहे. पण त्या टप्प्याटप्प्याने, आठवडे किंवा महिने घेऊन उतरवाव्या लागतात. अपस्माराच्या औषधांबाबत तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक मात्राही चुकवू नये.

जाता जाता : मजकुरात गॅबापेंटिनलाही 'गॅबाची गोळी' म्हटलेलं असतं. ते औषध गॅबाच्या रिसेप्टरवर बसतच नाही, पेशीच्या कॅल्शियम-मार्गाच्या एका घटकाला चिकटतं. पण तेही एकदम बंद करायचं नसतं.

कुणी हा मजकूर वाचून गोळी आधीच थांबवली असेल आणि हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, झोप पूर्ण उडाली असेल, तर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना गाठावं. भास होऊ लागले किंवा फिट आली तर १०८ ला फोन करून सरळ रुग्णालयात न्यावं आणि कोणती गोळी, किती, कधी थांबवली हे तिथल्या डॉक्टरांना आधी सांगावं.