मेव्हण्याचं विमान आणि माझे हात

घरच्या घरी विमान बांधणारा माणूस दुरून फार थोर वाटतो. जवळ गेलं की त्याच्या अंगाला कुजक्या अंड्यांचा वास येतो.

माझा मेव्हणा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या भाड्याच्या गाळ्यात आरव्ही-७ नावाचं दोन सीटचं विमान बांधतोय. कांदिवलीच्या अमोल यादवांनी गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ साली बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं, तेव्हापासून हे खूळ त्याच्या डोक्यात. त्याच्या सोसायटीत गच्चीवर पापड वाळत घालायलाही कमिटीला विचारावं लागतं, म्हणून गाळा. शेपूट तयार होईपर्यंत मी फक्त चहाला जात होतो. पेट्रोलच्या टाक्यांची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "भावोजी, शनिवारी जरा हात लावाल का?" हात हा शब्द त्याने शब्दशः वापरला होता, हे नंतर कळलं.

या विमानात टाकी वेगळी नसते, पंखाचा पुढचा भाग हीच टाकी. दोन्ही मिळून १५९ लिटर. वर पत्रा, आत पंखाला आकार देणाऱ्या रिब, मागे भिंत, हे सगळं जोडणारे शेकडो रिव्हेट आणि प्रत्येक भोकातून बाहेर पडायला टपलेलं पेट्रोल. त्यावर इलाज म्हणजे पॉलिसल्फाइडचं सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप. पेट्रोलने ते विरघळत नाही, पंख लवला तरी तडकत नाही. मोठ्या प्रवासी विमानांच्या पंखांतही हीच जात वापरतात. गुणांनी उत्तम, स्वभावाने चिकट.

ते टिकावं म्हणून गारव्यात ठेवतात. गाळ्यात फ्रिज नाही, सबब ते आमच्या फ्रिजमध्ये, श्रीखंडाच्या शेजारी. बायको भावाला काही बोलत नाही. माझ्याशीही बोलत नाही.

सीलंट दोन भाग मिसळून तयार होतं: पांढरा भाग दहा आणि काळा एक, तेही वजनाने. मग एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत आइस्क्रीमच्या काडीने घोटायचं. दोन तास हाताळता येईल असं डब्यावर लिहिलंय, पण ते २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला. मे महिन्यात ठाण्यात अशी हवा फक्त एसीच्या दुकानात मिळते. उकाडा आणि दमटपणा, दोन्हींनी ते झपाट्याने आळतं. त्यामुळे मेव्हणा घड्याळाकडे बघत बाहेरून रिव्हेट ठोकतो आणि मी कोपरापर्यंत हात टाकीत घालून आतून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. नाक नेमकं तेव्हाच खाजतं.

ओलं आहे तोवर अॅसिटोनने पुसता येतं. वाळलं की खरवडायचं. मी पुसलं तेवढं पुसलं, तरी चष्म्याची दांडी, मोबाइलची कड, रिक्षाचा दांडा आणि लिफ्टमधलं चारचं बटण एवढ्यांना प्रसाद मिळाला. सेक्रेटरींनी नोटीस लावली, 'बटणाला डांबर लावणाऱ्याने समोर यावे.' चौथ्या मजल्यावर बिऱ्हाडं दोनच, आणि दुसऱ्यात ऐंशीच्या आजी राहतात.

टाकी गळते का हे बघायला फुगा लागतो. जास्त दाबाने टाकीचंच पोट फुगेल, म्हणून हवा निघायच्या नळीवर फुगा बांधायचा, बाकीची तोंडं बंद करायची आणि बेताने हवा भरायची. फुगा ताठ राहिला तर टाकी पक्की. आमचा रात्री सुकला. मेव्हणा जेवला नाही. दुसऱ्या दुपारी गाळा तापला, आतली हवा प्रसरण पावली आणि फुगा आपोआप उठून बसला, पण पहिल्याइतका नाही. आता गळती किती आणि हवामान किती, यावर मेव्हण्याने तासभर गणित मांडलं.

तेवढ्यात सासरे आले. पाणीपुरवठ्यातून निवृत्त. "जावईबापू, साबण आणा," एवढंच म्हणाले. टाकीभर फेस फासला, एकेक रिव्हेट, एकेक सांधा निरखून बघितला. कुठे काही नाही. मग ब्रश फुग्याच्या तोंडावर फिरवला आणि तिथे बारीक बुडबुड्यांची माळच उठली.

"फुगा कुठला?"

"जांभळी नाक्याचा. डझनात स्वस्त पडला."

"तरीच."