फिल्टरला शिव्या घालण्याआधी क्लॅरिफायरमध्ये डोकावा

आज परत कोणीतरी तो व्हिडिओ पाठवला. कापलेली बाटली, त्यात खडी, वाळू, कोळसा. वरून काळं पाणी, खालून स्वच्छ धार. आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘शहराचं सांडपाणी असंच शुद्ध होतं’.

नाही हो, असं नाही होत! कच्चं सांडपाणी थेट वाळूवर सोडलं तर थोड्याच वेळात वर चिकट थर धरतो आणि पाणी खाली उतरायचं बंद होतं. जे उतरेल ते दिसायला कितीही निर्मळ असो, त्यात अमोनिया आणि क्षार तसेच. वाळू तरंगते कण पकडते, विरघळलेलं नाही. विरघळलेली घाण एरेशन टाकीतले, म्हणजे सतत हवा सोडलेल्या टाकीतले, जीवाणू खातात, आणि व्हिडिओत त्या बिचाऱ्यांचा पत्ताच नाही. लहान मुलांना गाळणं म्हणजे काय हे कळतं, एवढं त्या बाटलीचं श्रेय मान्य. पण मोठी माणसंही तेच धरून बसतात आणि मग निर्णय घेतात, चीड त्याची येते.

एका सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात नेमकं हेच झालं. फिल्टरमधून गढूळ पाणी यायला लागलं, बैठक झाली, ‘मीडिया खराब झाला’, म्हणजे फिल्टरमधले गाळणारे दाणे निकामी झाले, असं ठरलं. सगळी वाळू आणि अँथ्रासाइट (कठीण कोळशाचे दाणे) उपसून नवीन भरलं. थोडे दिवस बरं चाललं, मग परत तेच. दुय्यम क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे एरेशननंतर जीवाणूंचा गाळ खाली बसवणाऱ्या टाकीत, गाळाचा थर किती वर आलाय हे कोणीच पाहिलं नव्हतं.

फिल्टरची जागा कुठे आहे ते आधी बघा. जाळ्या, ग्रिट चेंबर (रेती खाली बसवणारी टाकी), प्राथमिक क्लॅरिफायर, एरेशन, दुय्यम क्लॅरिफायर, एवढं झाल्यावर फिल्टर येतो. त्याच्याकडे येणाऱ्या पाण्यात तरंगते घन पदार्थ लिटरला साधारण 10 ते 30 मिलिग्रॅम असावेत. तेवढे असले तर तो ते 5 च्या आसपास आणतो, गढूळपणा 2 एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) आत राहतो, आणि पुढे जंतू मारायचं क्लोरीन किंवा यूव्हीचं (अतिनील किरणांचं) काम सोपं होतं. कणांच्या आडोशाला जंतू लपतात, तिथे यूव्हीचा किरण पोचत नाही. पुनर्वापरासाठी फिल्टर लागतो तो मुख्यतः यासाठी.

आता त्या केंद्रात काय होत होतं? तंतुमय जीवाणू माजले होते, गाळ फुगला होता, खाली बसत नव्हता. हे ओळखायला लाखाचं यंत्र लागत नाही. एरेशन टाकीतलं एक लिटर मिश्रण मोजपात्रात घ्या, 30 मिनिटं हलवू नका, बसलेला गाळ मिलिलिटरमध्ये वाचा आणि त्याला त्याच मिश्रणातल्या घन पदार्थांच्या ग्रॅम प्रति लिटरने भागा. गाळ 400 आणि घन पदार्थ 2.5 असतील तर आकडा 160. दीडशेच्या वर गेला की सावध व्हायचं.

गाळ क्लॅरिफायरच्या वियरवरून (पाणी ओसंडून बाहेर पडतं त्या काठावरून) निसटला की फिल्टरवर लिटरला 60–70 मिलिग्रॅम येऊन आदळतात. जो फिल्टर एका धुण्यावर दिवसभर चालायचा तो काही तासांत तुंबतो. मग बॅकवॉशवर बॅकवॉश, म्हणजे खालून उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं. धुतलेलं घाण पाणी जातं कुठे? केंद्राच्या सुरुवातीला परत! म्हणजे प्रवाह वाढला, क्लॅरिफायरवर आणखी ताण, आणखी गाळ बाहेर, फिल्टर आणखी लवकर तुंबला. हे चक्र नवी वाळू भरून कसं थांबेल, सांगा ना? बॅकवॉशचं पाणी साठवून हळूहळू सोडायला टाकी हवी, आणि खर्च छाटताना पहिली काट तिच्यावरच मारतात. संताप होतो.

बरं, बॅकवॉश तरी नीट? दुहेरी मीडियात वर अँथ्रासाइट, साधारण 1 ते 1.5 मिलिमीटरचा, आणि खाली 0.5 ते 0.7 मिलिमीटरची वाळू. वरचा दाणा मोठा पण हलका, म्हणून धुतल्यावर परत वरच बसतो. कण फक्त पृष्ठभागावर नाही, आत खोलवर दाण्यांना चिकटून अडकतात. सांडपाण्यातला जैविक गाळ पिण्याच्या पाण्यातल्या गाळापेक्षा जास्त चिवट. नुसत्या पाण्याने तो सुटत नाही, हवा लागतेच. पाणी मीडियाच्या थोडं वरपर्यंत उतरवायचं, ताशी 50–60 मीटर वेगाने 3 ते 5 मिनिटं हवा द्यायची, मग हवेसोबत मंद पाणी. पाणी वियरला पोचायच्या आत हवा बंद. ती चालू राहिली तर अँथ्रासाइट गटारात. शेवटी नुसतं पाणी, जोरात, वर येणारं पाणी नितळ होईपर्यंत. उन्हाळ्यात पाणी पातळ होतं, त्याच वेगाला थर कमी फुलतो, म्हणून वेग वाढवायचा. वर्षभर एकच सेटिंग ठेवलं की मडबॉल (चिखलाचे गोळे) तयार होतात, थराला भेगा पडतात आणि पाणी भेगांमधून न गाळताच निघून जातं. एखाद्या जागी वाळू उकळल्यासारखी उसळत असेल तर धुण्याचं पाणी-हवा सोडणारी खालची नोझल फुटली आहे, मीडियाला दोष देऊ नका.

रात्रपाळीत एकट्याने हे सगळं सांभाळणाऱ्या ऑपरेटरबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. हवेचा ब्लोअर बंद, हेड लॉसचा (फिल्टर किती तुंबलाय ते दाखवणारा) गेज अडकलेला, आणि वरून ‘बॅकवॉश कमी करा, पाणी वाया जातं’ असा आदेश. तो माणूस काय करणार? त्या केंद्रातही क्लॅरिफायरचं पाणी गढूळ असल्याची नोंद ऑपरेटरच्या वहीत होती. बैठकीत वही कोणी उघडली नाही.

‘मग सरळ मेम्ब्रेन लावा’ म्हणणारे आता येतीलच. पाणी सुंदर येतं, मान्य. अतिबारीक छिद्रांची गाळणीच ती, छिद्रं 0.04 ते 0.4 मायक्रॉनची, दुय्यम क्लॅरिफायरची कटकटच नाही. पण पोकळ तंतूंच्या मेम्ब्रेनआधी 1 ते 2 मिलिमीटरची जाळी हवीच, नाहीतर केस तंतूंना गुंडाळून वेणी घालतात आणि ती हाताने सोडवावी लागते. शिवाय मेम्ब्रेन घासायला सतत हवा, म्हणजे वीज. आणि ठरावीक काळाने सोडियम हायपोक्लोराइट व सायट्रिक ॲसिडची धुलाई. दोन्ही एकत्र कधीच नाही, क्लोरीन वायू सुटतो.

त्या केंद्रात शेवटी केलं काय? एरेशनमधला ऑक्सिजन वाढवला, क्लॅरिफायरमधून एरेशनला परत जाणाऱ्या गाळात तंतुमय जीवाणू मारायला मोजून क्लोरीन दिला, जास्तीचा गाळ वेळेवर काढला. फिल्टरला हातही लावला नाही. पाणी सुधारलं. आणि उपसलेली जुनी वाळू तपासली तर ती उत्तम निघाली.