'पूरग्रस्तांसाठी एवढं कराच' : नका करू

कोल्हापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी गाठली, की व्हॉट्सअ‍ॅपवर हा मेसेज सुटतोच. मागण्या पाच : घरातले जुने कपडे द्या, धक्क्याने आयांचं दूध आटतं, म्हणून तान्ह्यांसाठी दूध पावडर आणि बाटल्या पाठवा, पुराच्या पाण्यात तुरटी फिरवली की ते पिण्याजोगं होतं, पैसे कुणालाच देऊ नका, सगळे खातात, गाडी भरून थेट गावात जा. आता तो मामींच्या महिला मंडळात पोचलाय आणि तिथे पावडरचे डबे गोळा होताहेत. म्हणून आधी बाळांचंच घेऊ.

भीतीने दूध आटत नाही. पान्हा फुटायला वेळ लागतो, एवढंच. बाळाला वरचेवर अंगावर घेतलं की तो येतो. आता निवारा केंद्रात बाटली द्यायची म्हणजे काय, ते बघा. जागा शाळेच्या वर्गात, चूल सगळ्यांची मिळून एक. तान्हं बाळ दिवसाला 8 वेळा तरी पितं. दर वेळी बाटली आणि बूच घासायचं, उकळायचं. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ती निदान 70 अंश गरम पाण्यात कालवायची, गार करून लगेच पाजायची, उरलेली फेकायची. टँकरपुढे घागरींची रांग लागलेली असताना हे कोण करणार? मग पावडर कोमट पाण्यात कालवली जाते, डबा पुरवायचा म्हणून पातळ केली जाते आणि बाळाला जुलाब लागतात. इंडोनेशियात योग्याकार्ताजवळच्या 2006 च्या भूकंपानंतर याची पाहणी झाली. 2 वर्षांखालच्या ज्या मुलांना दानातली पावडर मिळाली, त्यांच्यातल्या 25.4 टक्क्यांना आदल्या आठवड्यात जुलाब झाले होते. न मिळालेल्यांत 11.5 टक्क्यांना. तो भूकंप होता, मान्य. पुरात तर गटारच विहिरीत उतरलेलं असतं.

शिवाय कायदा आहे, 1992 चा. त्याच्या कलम 5 नुसार आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकलं जाणारं अन्न आणि दुधाच्या बाटल्या अनाथालयाशिवाय कुणालाही दान करायला बंदी आहे. चहाची दूध पावडर तर वर्षाखालच्या बाळाला द्यायचीच नाही. आई गमावलेली किंवा आधीपासून वरच्या दुधावर असलेली बाळं असतात, त्यांना पावडर लागते. ती आरोग्य पथकाकडून आणि वाटी-चमच्याने. मंडळाला काही द्यायचंच असेल तर बाळंतिणीला आडोसा करायला 2 जाड चादरी आणि दोरी, शेंगदाणे-गूळ, सुती लंगोट आणि सॅनिटरी पॅड द्या.

तुरटीचं म्हणणं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पण गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं, म्हणून आधी तुरटी हे बरोबरच. पाणी निवळलं की वरचंच दुसऱ्या भांड्यात काढा, 20 लिटरला क्लोरीनची 0.5 ग्रॅमची एक गोळी टाका आणि अर्धा तास झाकून ठेवा. विहीर आधी उपसायची. मग नव्याने आलेल्या पाण्याला, दर 1,000 लिटरमागे 2.5 ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवायची, चुना तळाला बसू द्यायचा आणि वरचं पाणी तेवढं विहिरीत सोडायचं, चुना नाही. तासभर पाणी काढायचं नाही. पोतं उघडं राहून सादळलेलं असेल तर हे माप निरुपयोगी, त्यातलं क्लोरीन केव्हाच उडालेलं असतं.

जुन्या कपड्यांबद्दल फार बोलायला नको. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले होते. लोकांना नवी अंतर्वस्त्रं हवी असतात, ती कुणी देत नाही.

आणि गाडी. 2019 मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली होता. थेट म्हणजे जाणार कुठून? रस्ता खुला झाला की फाट्यावरच्या गावात तिसरा ट्रक उतरतो आणि आतल्या वस्तीवर पहिलाही पोचत नाही. निघण्यापूर्वी 1077 वर जिल्हा नियंत्रण कक्षाला विचारा. एका खोक्यात एकच वस्तू, बाहेर नाव आणि नग. पाणी ओसरल्यावर खराटे, फावडी, गमबूट, फिनेल, चटया लागतात. जनावरांना वैरण लागते, आणि मोठं जनावर दिवसाला 15 किलोच्या वर ओला चारा खातं.

राहिले पैसे. खाणारे आहेत, खोटं कशाला बोला. 2020 मध्ये पीएम केअर्सच्या यूपीआय पत्त्यातलं एक अक्षर गाळून बनावट पत्ते फिरवले गेले होते. म्हणून मेसेजमधला क्यूआर वापरू नका. मुख्यमंत्री सहायता निधीचा खाते क्रमांक त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या, संस्थेला देत असाल तर पावती मागा. रक्कम टाकण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं, ते वाचा. एखाद्या माणसाचं नाव दिसलं तर तिथेच थांबा.