कॅप्टन आरपार दिसत नाही

सकाळी सकाळी एका मैत्रिणीचा मेसेज. "हल्ली रात्री झोप लागत नाही. मारामारी नको, रक्त नको. थोडं जादूचं, थोडं प्रेमाचं असं काही सुचव ना. तू ते जुनं जुनं बघत असतेस ना, त्यातलं." मला काय, कुणी विचारायचीच खोटी! डबा भरायचा बाजूला ठेवून यादी टाईप केली. प्रत्येक नावापुढे दोन ओळी, सुरुवात कुठून करायची तेही लिहिलं. तासाभरानं उत्तर आलं, "अगं, हे सगळे ब्लॅक अँड व्हाइट आहेत! कलरमध्ये नाही का मिळत?" आणि खाली नमुना म्हणून एक क्लिप. 'महल'मधली झोपाळ्यावरची मधुबाला, एआयनं रंगवलेली.

ती क्लिप मी लोकलमध्ये उभ्यानं पाहिली आणि दिवसभर डोक्यातून जाईना. म्हणून ही पोस्ट. नाव घेत नाही, तिचं तिला कळेलच.

ओठ गुलाबी. साडी पोपटी, मान वळवली की क्षणभर निळसर. गालावर एक रेष नाही. तेही एक वेळ सोडा, पण पाठीमागचा अंधार! जोसेफ विर्शिंग नावाच्या जर्मन कॅमेरामननं १९४९ साली मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये जो अंधार रचला, तो कुणीतरी चॉकलेटी करून टाकलाय. अहो, त्या सिनेमात अंधारच तर मुख्य पात्र आहे. अशोककुमारला ती खरंच दिसते की भास होतो, हे आपल्याला कळू नये म्हणून तो आहे. त्याला भिंतीचा रंग दिलात की उरलं काय? एक झोपाळा, एक बाई आणि भिंत.

आणि त्या झोपाळ्यावरचं 'आएगा आनेवाला' हे गाणं तरी नीट ऐका. संगीतकार खेमचंद प्रकाशना तो आवाज लांबून जवळ येणारा हवा होता, म्हणून लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत आल्या. ही हकीकत त्यांनीच सांगितलेली आहे. रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. आवाजालासुद्धा चेहरा नव्हता त्या वेळी! इतकी सगळी माणसं एक बाई धड दिसू नये म्हणून झटली, आणि आपण तिला लिपस्टिक लावून 'आता कशी छान दिसते' म्हणतोय.

आता सासूबाईंची गोष्ट. ज्यांनी आधी ऐकली असेल त्यांनी परत ऐका.

'द घोस्ट अँड मिसेस म्यूर', १९४७, दिग्दर्शक जोसेफ मँकिविझ. डोंबिवलीच्या घरी मी लॅपटॉपवर लावून बसले होते आणि सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या. इंग्रजीशी त्यांचा संबंध बिस्किटाच्या पुड्यापुरता. गोष्ट साधी आहे. लुसी नावाची तरुण विधवा सासू-नणंदेच्या घरातून लेक आणि मोलकरीण घेऊन बाहेर पडते आणि समुद्रकाठची एक बंगली भाड्यानं घेते. बंगली स्वस्त, कारण तिथे एका मेलेल्या कॅप्टनचं भूत आहे. कॅप्टन म्हणजे रेक्स हॅरिसन. दाढी, खणखणीत आवाज, तोंडात शिव्या. वादळी रात्री ती मेणबत्ती घेऊन स्वयंपाकघरात पाणी तापवायला जाते आणि तो समोर उभा ठाकतो. सासूबाईंनी विचारलं, "हा भूत ना गं? मग आरपार का नाही दिसत?" मी काहीतरी तांत्रिक सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनीच उत्तर दिलं.

"तिला तसाच दिसत असणार."

सासरे गेले तेव्हा सासूबाई चाळिशीच्याही नव्हत्या.

मला एवढंच म्हणायचंय खरं तर. काळ्या-पांढऱ्या सिनेमात जिवंत माणूस आणि गेलेला माणूस एकाच मालाचे बनलेले असतात, उजेड आणि सावली. कॅप्टन लुसीइतकाच घट्ट दिसतो, म्हणून ती त्याच्या प्रेमात पडली की आपल्याला वेडेपणा वाटत नाही. रंगीत सिनेमात भूत आलं की त्याला निळसर करा, धूसर करा, कडेनं चकाकवा, म्हणजे प्रेक्षकाला सारखी आठवण करून द्या की हा खरा नाही हं. भयपटात चालेल. प्रेमकथेत कसं चालेल? ज्याच्यावर प्रेम आहे तो खोटा दिसत नसतो.

तुमचं म्हणणं येणारच, की तेव्हा रंग परवडत नव्हते म्हणून काळं-पांढरं, यात कसली आलीये कला. बरं, बऱ्याच जणांना नव्हते परवडत. पुढे?

फ्रान्समध्ये ज्याँ कोक्तो यांनी 'ब्यूटी अँड द बीस्ट' केला तो युद्ध नुकतंच संपलेलं असताना. १९४६ला आला. फिल्मची टंचाई, विजेची बोंब, स्वतः कोक्तो त्वचारोगानं बेजार होऊन दवाखान्यात. दोरीवर वाळत घातलेल्या चादरींचा प्रसंग आहे, तर ठिगळ नसलेल्या चादरी मिळेनात! आणि या दारिद्र्यात त्यांनी राजवाडा उभा केला. भिंतीतून माणसांचे हात बाहेर आलेत, प्रत्येक हातात मेणबत्त्यांचं झाड, आणि माणूस पुढे चालू लागला की एकेक हात आपोआप उजळत जातो. नायिका बोळातून चालत नाही, तरंगत येते, पडदे वाऱ्यानं फुगलेले. खाली चाकाची पाटी होती आणि तिच्यावर तिला उभं करून ओढत आणलं, बाकी काही नाही. हात खोटे आहेत हे पोरांनाही कळतं. तरी अंगावर काटा येतो, कारण हात कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते त्या करड्या उजेडात सापडत नाही. कॅमेरामन आँरी अलकाँ. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जपानी बघायची तयारी असेल तर मिझोगुचींचा 'उगेत्सु', १९५३. लढायांच्या धामधुमीत एक कुंभार मडकी विकायला शहरात जातो, तिथे एका उंची घरातली बाई त्याला भुलवते. काझुओ मियागावाचा कॅमेरा. धुक्यातून नाव जाते तो प्रसंग बघा, पाणी आणि आभाळ यांच्यात रेघच नाही. शेवटी तो घरी परततो. घर रिकामं, चूल थंड. तो हाका मारत घराला वळसा घालतो, आत कॅमेरा त्याच्या मागोमाग फिरतो, आणि परत त्याच चुलीपाशी येतो तेव्हा तिथे बायको बसलेली असते, स्वयंपाक करत. मधे कुठे कट नाही. पुढचं सांगत नाही. हा सिनेमा सासूबाईंना दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

त्यांना हवा असायचा कॅप्टनच. "तो दाढीवाला लाव गं." मी मधेमधे भाषांतर करायला लागले की म्हणायच्या, "तू गप्प बस, मला कळतंय." आणि कळायचं! कॅप्टन लुसीला आपल्या आयुष्याचं पुस्तक सांगतोय आणि ती टाईप करतेय. एका शब्दाशी ती थबकते, बोटं हवेत. तो शब्द बायकांनी टाईप करण्यातला नाही. हा हट्टाला पेटलाय, तोच शब्द पाहिजे. शेवटी ती ओठ आवळून एकेक अक्षर बडवते. सासूबाई लसणाची परडी बाजूला ठेवून हसल्या होत्या. "शिवी आहे ना?" शिवीच होती. तिचा आवाज ऐकू येत नाही, शब्द पडद्यावर दिसत नाही, फक्त टाईपरायटरच्या बटणांची टकटक. आजच्या एखाद्या सिरीजमध्ये दर वाक्यात चार शिव्या असतात आणि एकीनंही कुणाला असं हसू फुटत नाही.

यावरून आठवलं. 'संथ असतात गं' ही दुसरी तक्रार. मिसेस म्यूर पावणेदोन तासांचा आहे. पावणेदोन तास! तुम्ही लोक एका रात्रीत आठ भाग संपवता, तेही दीडपट वेगानं, एका हातात फोन धरून. संथ सिनेमा नाहीये, तुमची नजर पळतेय. आणि हे सिनेमे आपल्यापर्यंत पोचले हेच नवल मानायला हवं. आपल्याकडे जुनी रिळं चांदी काढायला वितळवली गेली. पुण्यात फिल्म अर्काइव्हमध्ये पी. के. नायर यांच्यासारखा माणूस आयुष्यभर रिळं गोळा करत बसला, तेव्हा कुठे थोडं वाचलं. आणि वाचलेल्याचं आपण काय करतो, तर रंगवतो.

हां, तेलुगू 'मायाबझार' रंगवून २०१०मध्ये थेटरात आणला आणि नव्या पोरांनी तो आवडीनं पाहिला, हे मान्य. पण मूळ १९५७चा बघा. आपल्या वत्सलाहरणाचीच कथा, तिकडे वत्सलेला शशिरेखा म्हणतात. नावेतल्या गाण्यात कॅमेरामन मार्कस बार्टली यांनी जे चांदणं पाडलंय तसं चांदणं मी खऱ्या कोजागिरीला पाहिलेलं नाही.

बिमल रॉय यांचा 'मधुमती' (१९५८) तर तुमच्यापैकी बहुतेकींनी पाहिलाय, पण गाण्यांपुरता. परत बघा, या वेळी धुक्यासाठी. 'महल'चं संकलन बिमलदांनीच केलं होतं आणि नऊ वर्षांनी स्वतः पुनर्जन्माकडे वळले. कथा ऋत्विक घटक यांची. त्यातला सगळा डोंगर नैनीतालचा आहे असं समजू नका, काही भाग आपल्या इगतपुरीकडचा आहे, पाइनची खोटी झाडं उभी करून घेतलेला. कसाऱ्याच्या घाटातून गाडी जाताना मी दर वेळी खिडकीतून डोकावते. ओळखू काय येणार, कप्पाळ! पण हीच गंमत आहे. करड्या छटांत इगतपुरी नैनीतालच्या शेजारी जाऊन बसते. रंगीत असता तर आपल्या लाल मातीनं बिंग फोडलं असतं.

आणि हसू नका, पण मराठीतला माझा सगळ्यात आवडता जादूचा प्रेमपट म्हणजे 'संत तुकाराम'. १९३६, प्रभात, दामले-फत्तेलाल. भक्तिपट आहे, ठाऊक आहे मला. व्हेनिसला गौरव झाला तोही ठाऊक आहे. पण तुम्ही तुकाराम झालेल्या पागनिसांवरची नजर जरा काढा आणि आवलीकडे बघा. गौरीबाईंची आवली. म्हशीची उठाठेव, पोरांची भूक, नवरा देवापाशी बसलेला आणि ही त्याच्यावर आणि त्याच्या देवावर एकदमच करवादलेली. प्रेम आणखी कसं दिसतं? शेवटी विमान येतं आणि तो वैकुंठाला जातो, ही मागे राहते. विमान तयार केलेलं आहे हे आज शेंबड्या पोरालाही कळेल. कळू दे. मी वर बघतच नाही.

रागाच्या भरात एक गोष्ट लपवायला नको. रंग वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पॉवेल-प्रेसबर्गर जोडीच्या १९४६च्या 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ'मध्ये परलोक बिनरंगी आहे आणि पृथ्वी रंगीत. तिथून खाली आलेला दूतच तक्रार करतो की वर टेक्निकलरचा दुष्काळ आहे. आणि विम वेंडर्स यांच्या 'विंग्ज ऑफ डिझायर'मध्ये (१९८७) बर्लिनवरच्या देवदूतांना सगळं काळं-पांढरं दिसतं, त्यातला एक सर्कशीतल्या झोक्यावरच्या बाईच्या प्रेमात पडून माणूस होतो तेव्हा त्याला रंग दिसू लागतात. ते काळं-पांढरं कुणी टिपलं? आँरी अलकाँ! चाळीस वर्षांनी परत तोच म्हातारा, लेन्सवर आजीचा रेशमी मोजा ताणून बसवलेला. सिनेमातल्या सर्कशीला नावही त्याचंच. तर रंग हवेत तिथे हवेतच. पण ते त्या लोकांनी ठरवलेले रंग आहेत. कुणा कॉम्प्युटरनं मागाहून फासलेले नाहीत.

मिसेस म्यूरचा शेवट मी सांगून टाकणार आहे, त्यानं काही बिघडत नाही. कॅप्टन मधेच तिला सोडून जातो, तिनं जिवंत माणसांत रमावं म्हणून. ती झोपलेली असताना तिच्या कानाशी सांगतो की हे सगळं स्वप्न होतं. वर्षं जातात. किनाऱ्यावरच्या खांबावर लेकीचं नाव कोरलेलं असतं, ते लाटांनी झिजत जातं. लुसी म्हातारी होते. एका संध्याकाळी मोलकरीण दुधाचा पेला देऊन जाते, आणि खुर्चीतच हात सुटतो. मग तो येतो. पहिल्या रात्री होता तसाच, घट्ट, आरपार न दिसणारा. हात पुढे करतो आणि उठते ती तरुण लुसी.

मी डोळे पुसत होते. सासूबाई म्हणाल्या, "दूध सांडलं बघ." मग थोड्या वेळानं, परडी उचलून आत जाता जाता, "बराच वेळ लावला मेल्यानं यायला."

सिनेमाचं परीक्षण मी यापेक्षा चांगलं वाचलेलं नाही. आता सासूबाई नाहीत. दाढीवाला मी एकटीच लावते.

तर बाई, पहिला हाच बघ. रात्री, दिवे घालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. झोप नाही लागली तरी जागरण सत्कारणी लागेल. आणि इतकं सांगूनही कलरच हवा असेल तर शेवटचा सल्ला, 'पोर्ट्रेट ऑफ जेनी', १९४८. न्यूयॉर्कच्या बागेत बर्फात एका कफल्लक चित्रकाराला जुन्या वळणाचे कपडे घातलेली मुलगी भेटते, आणि दर भेटीत ती वयानं वाढलेली असते. अख्खा सिनेमा काळा-पांढरा. शेवटच्या वादळात पडदा हिरवा होतो, आणि अगदी शेवटी, त्यानं काढलेलं तिचं चित्र येतं ते पूर्ण रंगात. तेवढा एक शॉट. त्याच्या आधीचा दीड तास पुढे ढकलत गेलीस तर तुला तिथे फक्त एक रंगीत चित्र दिसेल, आणि मला तू सांगायच्या आधी कळेल.