‘जतन केले’ म्हणजे नेमके कुठे केले?

परवा संध्याकाळी नव्या फोनवर व्हिडिओचे अ‍ॅप उघडले, पासवर्ड टाकला, ओटीपी टाकला आणि प्रोफाइलवर गेले, तर जिथे ड्राफ्टचा, म्हणजे करून ठेवलेल्या पण अजून न टाकलेल्या व्हिडिओंचा, चौकोन असायचा तिथे काहीच नव्हते. अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडले, फोन बंद करून पुन्हा सुरू केला, खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत गेले, पण चौकोन काही आला नाही. 37 व्हिडिओ होते त्यात. दोन आखाजी (आमची अक्षय्य तृतीया), एक कानबाईचा सण आणि मधल्या कितीतरी रविवारांचे काम होते ते, आणि त्याचे काय झाले हे सांगणारी एक ओळसुद्धा त्या पडद्यावर नव्हती. हटवले म्हणून नाही, जुन्या फोनवर राहिले म्हणून नाही, क्षमस्व तर नाहीच. मी ते व्हिडिओ कधी केलेच नव्हते, अशा थाटात ते अ‍ॅप माझ्यासमोर उघडे होते.

बाकी सगळे मात्र बिनचूक आले. मी कोणाला फॉलो करते, कोणाला ब्लॉक केले आहे, कोणत्या जुन्या व्हिडिओवर बदाम दाबला होता, शोधायच्या रकान्यात काय काय टाकले होते, सगळे जागच्या जागी. गेल्या महिन्यात एका कुकरच्या जाहिरातीवर मी क्षणभर थांबले होते, तीच जाहिरात नव्या फोनवर पहिल्या दहा मिनिटांत हजर झाली. म्हणजे माझ्याविषयी त्यांना जे हवे ते त्यांच्या सर्व्हरवर सुखरूप राहते, आणि मला जे हवे ते माझ्या फोनच्या एका कुलूपबंद कोपऱ्यात पडून राहते. हा तांत्रिक नाइलाज आहे असे मला कोणीही समजावू नये. ज्यांना माझी क्षणभराची नजर एका फोनवरून दुसऱ्या फोनवर नेता येते, त्यांना माझे 37 व्हिडिओ नेता येत नाहीत, यावर मी विश्वास ठेवणार नाही.

हे व्हिडिओ टाकायचे का राहिले, असे विचारणारेही भेटले. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावी घरात रेंज येत नाही, ओट्यावर येते तीही दोन कांड्या, आणि त्या दोन कांड्यांवर व्हिडिओ चढत नाही. म्हणून तिथे करायचे, ड्राफ्टमध्ये ठेवायचे आणि धुळ्याला आल्यावर एकेक टाकायचे, ही माझी पद्धत होती. शिवाय आमच्या आजेसासूबाईंची परवानगी लागते. डोक्यावरचा पदर घसरला असेल तर तो व्हिडिओ नको, खोकला आला असेल तर नको, आणि गाण्यात एखादे नाव चुकले असेल तर अजिबात नको. त्यांचे वय 80 च्या पुढे आहे. झोक्यावरची आखाजीची गाणी त्यांच्याइतकी पाठ असलेली दुसरी बाई आता आमच्या गल्लीत उरलेली नाही.

गेलेल्यांतला एक व्हिडिओ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आखाजीचा दिवस, घागर भरून तिच्यावर डांगर ठेवलेले, आणि मागच्या अंगणात चुलीवर उलटे घातलेले मातीचे खापर. सासूबाई पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत आहेत, तो मनगटापासून कोपरापर्यंत पसरत चालला आहे, इतका पातळ की आतले पुरण बाहेरून दिसावे. शेजारी पाटावर बसून आजेसासूबाई गात आहेत. अर्ध्या कडव्यात त्या थांबतात, माझ्याकडे न पाहता म्हणतात, ‘काडी सार वं, खापर थंडं पडी राह्यनं’, आणि जिथे सोडले होते तिथून, त्याच सुरात, गाणे पुढे उचलतात. ते वाक्य कापायचे की ठेवायचे हे मला ठरवता येत नव्हते, म्हणून तो व्हिडिओ वर्षभर ड्राफ्टमध्येच राहिला. आता ठरवण्यासारखे काही उरले नाही.

फोन घेतला तो आग्रा रोडवर. जुना फोन एक्स्चेंजमध्ये द्यायचा होता, त्यामुळे दुकानातल्या मुलाने दोन्ही फोन शेजारी ठेवून केबल लावली आणि दीड तास माहिती इकडून तिकडे घातली. शेवटी नवा फोन माझ्या हातात देऊन तो म्हणाला, ‘ताई, सगळं आलंय, बघून घ्या.’ मी फोटो पाहिले, नंबर पाहिले, बँकेचे अ‍ॅप पाहिले. अ‍ॅपच्या चिन्हांची ओळसुद्धा जुन्या फोनसारखीच लागली होती, तेव्हा आत शिरून पाहावे असे मनातही आले नाही. मग त्याने माझ्या देखत जुना फोन रीसेट केला. तो मुलगा लबाड नव्हता. त्यालाही माहीत नव्हते, आणि माझा संताप नेमका तिथेच आहे, कारण दिवसाला दहा फोन बदलून देणाऱ्या मुलालाही माहीत होऊ नये अशा रीतीने ही गोष्ट लपलेली आहे. काल सकाळी धावत पुन्हा दुकानात गेले, तर जुने फोन पुढे गेले होते. ते असते तरी उपयोग नव्हता, कारण आजच्या फोनमधली माहिती कूटबद्ध असते आणि रीसेट करताना तिची किल्लीच पुसली जाते. रिकव्हरीवाल्याला कितीही पैसे मोजले तरी तो किल्ली नसलेले कुलूप कसे उघडणार?

दोन दिवसांत मला जेवढे कळले तेवढे फोन घेण्याआधी कोणी सांगितले असते तर मी त्याचे पाय धरले असते. अ‍ॅपच्या आतल्या कॅमेऱ्याने केलेले चित्रीकरण आपोआप गॅलरीत जात नाही, ते त्या अ‍ॅपच्या खासगी जागेत राहते, आणि त्या जागेत दुसऱ्या कोणत्याही अ‍ॅपला, आणि त्या अ‍ॅपने मुभा दिली नसेल तर माहिती हलवणाऱ्या अ‍ॅपलासुद्धा, हात घालता येत नाही. अँड्रॉइडचा आपोआप होणारा बॅकअप एका अ‍ॅपची जास्तीत जास्त 25 एमबी माहिती घेतो, आणि फोनच्या कॅमेऱ्याने घेतलेला फुल एचडीचा एक मिनिटही त्यापेक्षा सहज मोठा भरतो. म्हणजे ‘बॅकअप पूर्ण झाला’ हे वाक्यही खरेच असते, फक्त त्यात माझे काही नसते. एकेक ड्राफ्ट उघडून तो गॅलरीत उतरवणे एवढा एकच मार्ग होता, आणि त्यातही अ‍ॅपमधले गाणे लावलेला व्हिडिओ मुका होऊन उतरतो. मी कापाकापी केली, अक्षरे टाकली, अहिराणी शब्दांचे अर्थ खाली मराठीत लिहिले, ती सगळी मेहनत त्या अ‍ॅपच्या बाहेर पुन्हा दुरुस्त करता येईल अशी राहत नाही, आणि आत ठेवली तर फोनबरोबर मरते.

आणि तरीही त्या बटणावर ‘जतन करा’ असे लिहिलेले असते. या शब्दाची मला चीड आली आहे. आमच्याकडे डाळ, कुरडया, बियाणे जतन करतात, म्हणजे पुढच्या वर्षी डबा उघडला की ते तिथे असते. असोद्याच्या बहिणाबाईंच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने वहीत उतरवून घेतल्या, म्हणून त्या गेल्यावर 1952 साली छापून लोकांपुढे आल्या. वही एका घरातून दुसऱ्या घरी नेली तर तिची पाने कोरी होत नाहीत. ‘हा व्हिडिओ फक्त या फोनवर राहील, फोन बदलल्यास जाईल’ एवढे एक वाक्य त्या बटणाखाली लिहायला किती जागा लागते? सणाचे स्टिकर ठेवायला जागा आहे, चेहरा गोरा करायला जागा आहे, दर पंधरा दिवसांनी बटणे इकडची तिकडे करायला जागा आहे, आणि या एका ओळीला जागा नाही.

मदतीचा विभाग उघडला तर तिथे प्रश्न माझा नाही आणि उत्तरही माझे नाही. मराठी निवडली की अर्धे पान मराठीत आणि अर्धे इंग्रजीत येते, आणि जे मराठीत येते ते वाचून काहीही अर्थबोध होत नाही. तक्रारीचा फॉर्म भरला, त्यावर एका मिनिटात ठरलेले उत्तर आले की अ‍ॅप अद्ययावत करून पाहा. त्याखाली ‘हे उत्तर उपयुक्त वाटले का?’ आणि हो-नाहीची दोन बटणे. मी ‘नाही’ दाबले. ‘प्रतिसादाबद्दल धन्यवाद’ असे म्हणून ते पान मिटले.

ही पहिली वेळही नाही. 29 जून 2020 ला सरकारने 59 चिनी अ‍ॅपवर बंदी घातली तेव्हा मी त्यांतल्याच एका अ‍ॅपवर व्हिडिओ करायचे. बंदीबद्दल माझी तक्रार नव्हती आणि आजही नाही. पण तिथे ड्राफ्टमध्ये ठेवलेली कामे कशी काढून घ्यायची हे कळेपर्यंत दार लागले होते, आणि त्या वेळी गेलेल्यांत माझ्या आईच्या हातच्या कळण्याच्या भाकरीचा व्हिडिओ होता. आई आता नाही.

सगळ्यात जास्त डोके फिरवतात ते शहाणपण शिकवणारे. पुण्याचे भाऊजी म्हणाले, ‘वहिनी, आधी फोनच्या कॅमेऱ्याने शूट करायचं आणि मगच अ‍ॅपमध्ये घ्यायचं, हे तर बेसिक आहे.’ ज्या बाईला चुलीजवळ एका हाताने काडी सारायची आहे आणि दुसऱ्या हाताने गाणे पकडायचे आहे, तिने समोर दिसणारे गोल बटण दाबले तर चूक तिची, आणि बटण बनवणाऱ्याची काहीच नाही? ज्याचे जळते त्यालाच अक्कल शिकवायची, ही पद्धत मला मुळीच मान्य नाही.

आजेसासूबाईंना अजून सांगितलेले नाही. काल रात्री फोन केला होता, तेव्हा त्यांनी विचारले, ‘नवा फोन लिधा ना? मंग मन्हं गानं दखाड बरं.’ मी रविवारी येते म्हणाले. रविवारी मी फोनच्या कॅमेऱ्याने, गॅलरीत जाईल असे, एकेक गाणे पुन्हा म्हणून घेणार आहे. पावसाळ्यापासून त्यांना दम लागतो, दोन कडव्यांनंतर बसावे लागते, त्यामुळे 37 होणार नाहीत हे मला माहीत आहे. आज सकाळी त्याच अ‍ॅपने नव्या फोनवर सूचना पाठवली की बऱ्याच दिवसांत तुम्ही काही पोस्ट केलेले नाही.