‘एका झटक्यात गादी जागेवर’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘ऑस्टिओपॅथीचा चमत्कार’ नावाचा एक लांबलचक मेसेज सध्या गावभर फिरतोय. ऑस्टिओपॅथी म्हणजे मणके, सांधे आणि स्नायू हातांनी दाबून-ताणून करायचे उपचार. त्यातले दावे असे: ही हजारो वर्षांपूर्वीची भारतीय विद्या आहे; अमेरिकेत हिचे डॉक्टर एमडीच्या बरोबरीचे असतात; मणक्यांमधली सरकलेली गादी हाताच्या एका झटक्यात जागेवर बसते, ‘कट्’ आवाज आला की समजायचं नस मोकळी झाली; एमआरआय नको, ऑपरेशन नको, दुष्परिणाम शून्य; वर बीपी-शुगरच्या गोळ्याही सुटतात. आमच्या घरच्या ग्रुपवर तो मावशीने टाकला आणि खाली विचारलं, ‘या उपचाराच्या शिबिरात नाव घालू का?’ मावशीची हाडं ठिसूळ झाली आहेत, त्यावर औषध चालू आहे. तिला फोनवर सांगून झालं, पण मेसेज अजून फिरतोच आहे, म्हणून इथे लिहिते आहे.

प्राचीन भारतीय विद्येचं दोन ओळींत आटपते. ऑस्टिओपॅथी अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी १८७४ मध्ये मांडली आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी तिचं पहिलं कॉलेज काढलं. आपल्याकडे हाडवैद्य होते, उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायची रीतही होती. पण त्या गोष्टी वेगळ्या.

अमेरिकेचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करायला हवं. तिथले ‘डीओ’, म्हणजे ऑस्टिओपॅथीचे पदवीधर, पूर्ण वैद्यकीय शिक्षण घेतात, औषधं लिहितात, ऑपरेशनही करतात. पण ती गोष्ट अमेरिकेपुरती. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ म्हणजे हातांनी उपचार करणारा नोंदणीकृत व्यावसायिक, त्यासाठी १९९३ चा कायदा आहे, आणि तो औषधं लिहून देत नाही. एखादा छोटा कोर्स करून मंगल कार्यालयात शिबिर भरवणाऱ्याने अमेरिकन डॉक्टरांची पत स्वतःच्या नावावर लावू नये.

आता गादीचं. दोन मणक्यांमधली गादी वर-खालच्या हाडांना घट्ट चिकटलेली असते, ती इकडेतिकडे सरकत नाही. होतं असं, की तिचं चिवट वेष्टन झिजतं, चिरतं आणि आतला मऊ गर बाहेर येऊन शेजारच्या नसेला त्रास देतो. पाठीवर ठेवलेला हात आणि तो गर यांच्यामध्ये कातडी, स्नायूंचे जाड थर आणि मणक्याच्या हाडाची कमान असते. तिथवर बोट पोचत नाही, मग गर चिरेतून परत आत ढकलायचा कसा? आणि तो ‘कट्’ आवाज गादीचा नसतोच. मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांत वंगणासारखं पाणी असतं, सांधा झटकन ताणला की त्यात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. बोटं मोडताना येतो तोच. आवाज येऊनही दुखणं तसंच राहू शकतं, आणि आवाज न येताही बरं वाटू शकतं.

मग लोकांना गुण येतो तो कसा? बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. सायटिकाचे, म्हणजे नस दाबून कंबरेतून पायात कळ जाणारे, बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ऑपरेशनशिवाय सुधारतात. त्या काळात ज्याच्याकडे गेलो, त्याला श्रेय मिळतं.

फ्रान्समध्ये हे नीट तपासलं गेलं. कंबरदुखीच्या ४०० रुग्णांपैकी निम्म्यांना खरी ऑस्टिओपॅथी दिली, निम्म्यांना नुसता हलका स्पर्श, दर पंधरवड्याला एक अशा सहा बैठका. २०२१ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. तीन महिन्यांनी हालचालीतल्या अडचणीत दोन गटांत शंभरपैकी सुमारे ३.४ गुणांचा फरक होता. रुग्णाला रोजच्या जगण्यात तो जाणवेल की नाही, याची संशोधकांनाच शंका होती. दुखण्यात तर दखल घेण्याजोगा फरक नव्हता. मेसेजमधला ‘एक झटका’ याच्या शेजारी ठेवून बघा.

‘दुष्परिणाम शून्य’ हे सगळ्यात घातक वाक्य. ठिसूळ हाडांवर जोराचा झटका दिला तर मणका मोडू शकतो. मानेला झटका दिल्यावर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. क्वचित, पण आहेत. पाठदुखीमागे मणक्याचा टीबी किंवा कॅन्सरची गाठ असू शकते, आणि टीबी आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. ताप, घटणारं वजन, रात्री झोपू न देणारं दुखणं असेल तर आधी तपासणी. लघवी अडली, मांड्यांमधला भाग बधिर झाला, पायातली ताकद गेली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. उशीर झाला तर ते नुकसान कायमचं राहू शकतं. एमआरआय प्रत्येक कंबरदुखीला लागत नाही, हे खरंच. पण अशा वेळी लागतो.

हातांच्या उपचाराने काही जणांना आराम पडतो, हे मी नाकारत नाही. डॉक्टरांसाठी उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणारी ब्रिटनची ‘नाईस’ ही संस्थाही कंबरदुखीत त्याचा विचार करा म्हणते, पण व्यायामाच्या जोडीनेच. नीट काम करणारा माणूस पहिल्या भेटीत बराच वेळ तुमची हकिकत विचारतो, चालू औषधं विचारतो, वाकायला-वळायला लावून बघतो, काय करणार ते सांगून तुमची परवानगी घेतो. नंतर एखाद-दोन दिवस अंग ठणकू शकतं, हेही आधी सांगतो. आपल्या आवाक्यातलं नसेल तर डॉक्टरकडे पाठवतो. रांगेत पालथं झोपवून प्रत्येकाला तोच झटका देणारा, किंवा पहिल्याच दिवशी सगळ्या बैठकांचे पैसे आगाऊ मागणारा दिसला, तर तिथून उठून यावं.

राहिल्या बीपी-शुगरच्या गोळ्या. मणका दाबून त्या सुटतात याला कसलाही आधार नाही. इन्सुलिन असं अचानक थांबवलं तर काही जणांच्या ते थोड्या दिवसांतच जिवावर बेततं. मेसेज वाचून कुणी औषध बंद केलं असेल, तर आजच आपल्या डॉक्टरांना फोन करा.